रुग्ण साहाय्य समन्वयक, हेडक्वार्टर बेळगाव : सव्वातीन वर्षांच्या नोकरीचे परीक्षण

जुलै २०२२ ते ऑक्टोबर २०२५ अशी सव्वातीन वर्षे मी एका औषध कंपनीसाठी बेळगाव हेडक्वार्टरवर रुग्ण साहाय्य समन्वयक म्हणून काम केले. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या फार्मसी झालेल्या मुली या पदासाठी अर्ज करतात आणि कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळवून 'मॅडम, कंपनी कशी आहे?' असे विचारतात. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, या विचाराने हे परीक्षण लिहिते आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण नियुक्तीपत्रातील गोपनीयतेचे कलम नोकरी सोडल्यावरही मानेवर बसते. शिवाय दुसऱ्या दोन कंपन्यांत हेच काम करणाऱ्या मैत्रिणींचे अनुभव ऐकल्यावर दोष एकाच दारात नेऊन ठेवावा असेही मला वाटत नाही.

प्रथम कामाविषयी, कारण मुलाखतीत ते नीट सांगत नाहीत. कर्करोगाच्या किंवा सांधेदुखीच्या महागड्या औषधाची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली, की त्या औषधाचे पैसे कुठून उभे राहतील हे शोधून देणे हे समन्वयकाचे काम असते. रुग्णाकडे खासगी विमा आहे का, रेशनकार्ड बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) आहे की एपीएल (वरचे), घरातील कुणी ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेत आहे का, कुणी सहकारी संस्थेचा सभासद असल्याने यशस्विनी योजनेत बसतो का, हे सगळे पाहायचे. आणि काहीच जमले नाही तर कंपनीच्या सवलत योजनेत नाव घालायचे, ज्यात ठरावीक पाकिटे विकत घेतल्यावर पुढची मोफत मिळतात. अमेरिकेत या कामाला फील्ड रिइम्बर्समेंट म्हणतात. तिथे बहुतेक झगडा विमा कंपनीकडून औषधाला आगाऊ मंजुरी मिळवण्याचा असतो आणि रुग्णसाहाय्याची माणसे व विक्रीची माणसे कायद्याच्या धाकाने वेगळी ठेवलेली असतात. आमच्या कंपनीने पदाची कल्पना तिथून आणली. ती भिंत मात्र आणायची राहिली, असे मी म्हणेन.

हे काम मन लावून करण्यासारखे आहे, हे आधीच कबूल करते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्केच आणि तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, हा फरक ज्या घराला माहीत नसतो ते घर आधी सोने गहाण टाकते आणि मग चौकशी करते. रोज घरी घ्यायच्या गोळ्यांचे पैसे विमा देत नाही, असा सरसकट समज आहे. परंतु विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या १२ आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळू नये असे सांगितले, त्यात तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे. त्या आधारावर नाकारलेला दावा पुन्हा उभा करता येतो, निदान भांडता तरी येते, कारण मग विमा कंपनी 'ही गोळी केमोथेरपी नव्हेच' असा पवित्रा घेते. खानापूर तालुक्यातील एका मावशींचा असा दावा चौथ्या खेपेला मंजूर झाला, तेव्हा त्यांच्या मुलाने फोनवर फक्त 'आक्का, पडले बघ पैसे' एवढेच म्हटले आणि पुढे बराच वेळ दोघांनाही बोलता आले नाही. पगार दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होत असे, पहिल्या महिन्यातले प्रशिक्षण उत्तम होते आणि घरच्यांसाठी गटविमाही होता. या तीन गोष्टींना मी पूर्ण गुण देते.

गुण कापावे लागतात ते व्यवस्थापनाला, आणि त्यातही सर्वाधिक खर्चाच्या परताव्याला. दुसऱ्याचे अडकलेले पैसे सोडवून देणे हीच जिची नोकरी, तिचेच टीए-डीए म्हणजे प्रवास व दैनिक भत्ते चार-चार महिने अडकून राहावेत, यातली गंमत वरिष्ठांच्या कधी लक्षात आली असे दिसले नाही.

व्यवस्था अशी होती. बेळगाव शहर हे एचक्यू म्हणजे माझे हेडक्वार्टर, जाऊन-येऊन करण्यासारखी गावे एक्स-स्टेशन आणि मुक्काम करावा लागेल ती आउटस्टेशन, असे तीन दर. प्रत्येक गावाचे अंतर व भाडे एसएफसी म्हणजे ठरलेल्या भाडेतक्त्यात घातलेले असते आणि त्या तक्त्याबाहेरचा एक रुपयाही मिळत नाही. हा तक्ता बंगळुरूला बसून तयार केलेला होता. त्यात सुमारे ७५ किलोमीटरवरची निपाणी होती, चिकोडी होती, गोकाक होते. पण खानापूरच्या पुढे काही नव्हते. जांबोटी नाही, कणकुंबी नाही, लोंढा नाही. खानापूरच्या पलीकडे माणसे राहतात आणि त्यांना आजारही होतात, हे तक्त्यात यायला चौदा महिने आणि माझ्या हिशेबाने अकरा ईमेल लागले.

त्यातच ११ जून २०२३ रोजी कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या साध्या बसमध्ये स्त्रियांना प्रवास मोफत झाला. आमच्या घरी आईला केवढा आनंद झाला. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला ती त्या महिन्यात दोनदा जाऊन आली. मला मात्र दोन महिन्यांनी लेखा विभागाचे पत्र आले, की कर्नाटकातील महिला कर्मचाऱ्यांना बसभाडे लागत नसल्याने त्यांचा प्रवासभत्ता जूनपासून रद्द करण्यात येत आहे आणि दिलेली जादा रक्कम पुढील दाव्यातून वळती केली जाईल. माझ्याच भागात विक्रीचे काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याचा भत्ता अर्थातच चालू राहिला. बस खानापूर स्टँडवर सोडते, तिथून पुढे वडाप (सामायिक जीप) किंवा रिक्षा करावी लागते. निपाणी स्टँडवरून दवाखान्यापर्यंत रिक्षा लागते. सायंकाळी सहानंतर कित्येक गावांहून परतीची बसच नसते. हे सगळे मी लिहून कळवले. उत्तर आले, 'कृपया शून्य तिकिटाची प्रत जोडा.' म्हणजे शून्य रुपयाचा दावा करण्यासाठीही पुरावा हवा होता. सरकारने बायकांच्या हातात चार पैसे राहावेत म्हणून दिलेली सवलत कंपनीने आपल्या खात्यात जमा करून घेतली, असाच याचा अर्थ मी लावते आणि आजही माझे मत बदललेले नाही.

अथणीच्या मुक्कामाचा प्रकार त्याहून किरकोळ, तरीही सांगण्याजोगा आहे. अथणी बेळगावहून लांब, सकाळी निघून दोन दवाखाने आणि चार रुग्णांची घरे करून त्याच दिवशी परतणे शक्य नाही, म्हणून महिन्यातून एक मुक्काम ठरलेला असे. तिथे एका कुटुंबाने चालवलेला छोटा लॉज आहे. मालकीणबाई स्वतः खाली राहतात आणि एकट्या बाईला तिथे निर्धास्त झोप लागते, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्यांचे बिल हाताने लिहिलेले, गुलाबी कागदावर, खाली सही-शिक्का असे. लेखा विभागाने सलग पाच महिने ते 'जीएसटी क्रमांक नाही' असा शेरा मारून परत केले. ज्या सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तिला नोंदणीचे बंधन नसते, हे मी तीनदा लिहिले. चौथ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण सिस्टीममध्ये तो रकाना रिकामा ठेवता येत नाही." पुढे मी जीएसटी असलेल्या, स्टँडजवळच्या हॉटेलात राहू लागले. दर दुप्पट होता, दाराची कडी ढिली होती आणि बिल एका दिवसात मंजूर झाले.

उपस्थितीच्या ॲपविषयी फार लिहीत नाही, कारण क्षेत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो ताप ठाऊक आहे. २० डिसेंबर २०२३ रोजी देशभरातील औषध प्रतिनिधींनी संप केला, त्यामागेही इलेक्ट्रॉनिक पाळतीविषयीचा राग होता. आमच्याकडची अडचण थोडी वेगळी. कणकुंबीच्या जंगलात रेंज नसते आणि चोर्ल्याच्या बाजूला फोन गोव्याच्या टॉवरला चिकटतो. त्यामुळे भर पावसात रेनकोट घालून ज्या दिवशी मी तीन घरे केली, त्या दिवशी डीसीआरमध्ये म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालात मी अर्धा दिवस गैरहजर आणि अर्धा दिवस परवानगीविना राज्याबाहेर होते. रीजनल मॅनेजरांनी आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर 'गोवा ट्रिप कशी झाली?' असे विचारले. बाकीचे हसले. मीही हसले, हे नंतर मला जास्त बोचले.

खरी अडचण या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि ती आपल्या भागाची आहे. कंपनीचा नकाशा राज्याच्या सीमेने कापलेला आहे. बेळगाव जिल्हा कर्नाटक रीजनमध्ये, मिरज-सांगली-कोल्हापूर महाराष्ट्र रीजनमध्ये, आणि दोन्हीकडचे मॅनेजर वेगळे, टार्गेट वेगळे, बजेट वेगळे. परंतु कागवाडचा माणूस आजारी पडला की हाकेच्या अंतरावरच्या मिरजेला जातो. रायबाग, कुडचीचा माणूस रेल्वेत बसून मिरजेला उतरतो. निपाणीचा कोल्हापूरला जातो. त्याच्या आजोबांपासून हेच चालू आहे. माझ्या यादीतल्या रुग्णांपैकी निम्म्यांचे डॉक्टर सीमेपलीकडचे होते. डॉक्टरांची सही आणण्यासाठी मिरजेला गेले तर तो खर्च 'टेरिटरीबाहेर' म्हणून नामंजूर होई, आणि न जावे तर रुग्णाची फाइल अपूर्ण म्हणून माझ्या नावावर लाल खूण पडे. मिरजेच्या समन्वयकाला विनंती करावी, तर त्याला त्या रुग्णाचे श्रेय मिळत नसल्याने तो बिचारा तरी कशाला पळेल? तरीही तो कधीमधी सही आणून देत असे आणि मी त्याला चहाबरोबर बेळगावची मिठाई, कुंदा, पाठवत असे. कंपनीच्या दोन रीजनांमधला एकमेव चालू समन्वय तेवढाच होता.

कागदांच्या भाषेचेही तेच. आमच्या भागात उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून मिळतो आणि तो कन्नडमध्ये असतो; आधारवर इंग्रजी-कन्नड असते; शाळा सोडल्याचा दाखला कित्येकांचा मराठीत असतो. पडताळणी करणारा कक्ष मुंबईत होता. तिथून कन्नड दाखला 'वाचता येत नाही, नोटरी केलेले भाषांतर जोडा' म्हणून परत यायचा. महिन्याला बारा हजारांत घर चालवणाऱ्या माणसाने आपली गरिबी सिद्ध करण्यासाठी नोटरीला पैसे मोजावेत, ही अपेक्षा चुकीची आहे असे मी वरिष्ठांपुढे मांडले तेव्हा बंगळुरूच्या मॅनेजरांनी 'कन्नड तर मला येते, माझ्याकडे पाठवत जा' असे आपुलकीने सांगितले. मी पाठवत गेले. त्यातले सहा दाखले त्यांच्या इनबॉक्समध्ये सात आठवडे पडून राहिले आणि तेवढ्या काळात त्या दाखल्यांवर अवलंबून असलेली मोफत पाकिटे थांबली. यानंतर मी भाषांतर स्वतः करून, नोटरीचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊ लागले. तो खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सीमाभागात काम करणाऱ्या माणसाचे काही दिवस वाया जाणारच, हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन असतो, त्या दिवशी कोणत्या रस्त्याने जायचे याचा विचार आमच्याकडे शाळकरी पोरेही करतात. या दिवसांच्या माझ्या शून्य भेटींबद्दल लेखी खुलासा मागवला गेला. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा तर रोज पाच-सहा फोन येत, 'ताई, आमचं गाव त्या यादीत आहे, मग मिरजेत आमचं होईल का?' याचे उत्तर द्यायला मला लेखी मार्गदर्शन हवे होते. कर्नाटक रीजनने तो महाराष्ट्राचा विषय ठरवला, महाराष्ट्र रीजनने कर्नाटकाचा. शेवटी मी लोकांना थेट रुग्णालयातील योजनेच्या कक्षात जाऊन विचारायला सांगू लागले, जे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, पण त्यासाठी कुणीतरी जबाबदारी घेऊन एक ओळ लिहायला हवी होती.

दुसऱ्या वर्षापासून नोंदणीचे टार्गेट आले. महिन्याला इतके नवे रुग्ण योजनेत आणायचे, आणि ते कमी पडले तर इन्सेन्टिव्ह नाही. रुग्णाला सरकारी योजनेतून पूर्ण उपचार मिळत असतील तर त्याला तिकडे पाठवणे हे माझे काम होते. पण तसे पाठवले की माझा आकडा घटत असे. जॉइंट वर्कला म्हणजे माझ्याबरोबर फिरायला आलेले मॅनेजर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून प्रत्येक रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहत आणि मला कोपराने खुणावत. एकदा एका वृद्ध काकांना मी आरोग्य कर्नाटकच्या खिडकीकडे नेऊन बसवले, तेव्हा मॅनेजर गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात, पण थोडं कंपनीचंही बघा." त्या वाक्यात धमकी नव्हती, त्यांच्यावरही वरून दबाव होता, हे मला कळत होते. तरी पद 'साहाय्या'चे ठेवायचे आणि मोजमाप विक्रीचे लावायचे, यात समन्वयक दोन्हीकडून खोटी पडते.

तक्रार कुठे करायची, हा पुढचा प्रश्न. औषध प्रतिनिधींसाठी १९७६ चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा होता, त्यात नियुक्तीपत्राचा नमुना आणि रजांचे प्रमाण ठरलेले होते. आम्हाला सांगण्यात आले की तुमचे काम विक्रीचे नाही, म्हणून तो कायदा तुम्हाला नाही. आणि दुसरे असे, की आमच्या पगारपत्रकावर कंपनीचे नावच नव्हते, एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे होते. एजन्सीला विचारले तर खर्चाचे धोरण कंपनीचे, कंपनीला विचारले तर कर्मचारी एजन्सीच्या. शिवाय वेतनाच्या जुन्या कायद्यात प्रवासभत्ता हा वेतनाच्या व्याख्येबाहेर होता आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही प्रवासाच्या सवलती बाहेरच ठेवल्या आहेत. त्यामुळे पगार एक दिवस उशिरा आला तर घाबरणारी माणसे टीए-डीए चार महिने निवांत ठेवू शकतात. हे मला एका जुन्या एमआर (औषध प्रतिनिधी) काकांनी खडेबाजारात उभ्या-उभ्या समजावून सांगितले. कंपनीच्या प्रशिक्षणात यातले काही नव्हते.

एवढे लिहूनही 'जाऊ नका' असे मी म्हणणार नाही. पाचपैकी कामाला साडेचार, सहकाऱ्यांना चार, पगाराला तीन आणि व्यवस्थापनाला एक, असे माझे गुण आहेत. तो एकही कन्नड दाखले वाचायची तयारी दाखवणाऱ्या मॅनेजरांच्या त्या पहिल्या दिवसाच्या आपुलकीसाठी आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी नियुक्तीपत्रावर कुणाचे नाव आहे ते आधी पाहावे आणि भाडेतक्ता सही करण्यापूर्वी मागून घ्यावा, नंतर तो गोपनीय होतो. शक्ती योजनेचे पत्र अजून लागू आहे का, हेही विचारावे. लॉजचे बिल, वडापवाल्याने वहीच्या पानावर लिहून दिलेली पावती, नोटरीचा शिक्का यांचे फोटो तारखेसह स्वतःच्या फोनमध्ये ठेवावेत, कंपनीच्या टॅबमध्ये नव्हे; तो टॅब राजीनाम्याच्या दिवशी परत घेतात आणि त्याबरोबर आपले पुरावेही जातात. माझा जुलै ते सप्टेंबरचा १४,३६० रुपयांचा दावा असाच त्या टॅबमध्ये राहिला. आणि मुलाखत घेणारे शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हणतात, तेव्हा मिरज कोणाच्या बजेटमध्ये येते, एवढे जरूर विचारा.